पुंजाराम सरांचं पिठलं

पुंजाराम सरांनी दहा वर्षं घासून एक ग्रंथ लिहिला. विषय, गावागावांतल्या जुन्या विहिरी आणि त्यांच्या पाणीपाळ्या. माणूस मूळचा चितेगावचा, विहिरीवर वाढलेला, त्यामुळं लिहिलेलं खणखणीत होतं. सरांची हौस मात्र वेगळीच. म्हणाले, प्रकाशक असा पाहिजे, की जो छापायच्या आधी वाचील. घ्या! उद्या म्हणतील हलवायानं पेढे खाऊन बघावेत.

वाचलं की नाही, हे कळावं कसं? सरांनी शक्कल काढली. चौथ्या प्रकरणात, पाणीपाळ्यांच्या मधोमध, एक परिच्छेद घुसडून दिला: ‘कढईत तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी, ठेचलेला लसूण व मिरची टाकावी, मग पाण्यात कालवलेलं डाळीचं पीठ ओतावं. गुठळी होऊ देऊ नये.’ बायको द्वारकाबाई चुलीशी बोलायची तसंच उतरवलेलं. जो विचारील, ‘सर, हे काय?’ तोच आपला प्रकाशक.

औरंगपुऱ्यातल्या प्रकाशक काकासाहेबांनी बाड तळहातावर तोललं. “जड आहे सर. विद्वत्ता दिसते. कॉलेजं किती प्रती घेतील?” छावणीतल्या प्रकाशकानं पहिलं पान उलटून विचारलं, “याचं गाईड करू या का? प्रश्न आणि उत्तरं?” पुण्याच्या बड्या प्रकाशनानं बाड आठ महिने ठेवून घेतलं. सर हरखले, म्हणाले, वाचतायत! मग फोन आला. “आमच्या तज्ज्ञांनी बारकाईनं वाचलं. चौथं प्रकरण विशेष आवडलं. ते जरा वाढवा, मग बघू.”

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. वाढवायचं म्हणजे काय, भाकरीपण लिहायची?

तोवर कॉलेजातल्या बढतीची मुलाखत दारात आली. ग्रंथ छापलेला पाहिजे, त्यावर आयएसबीएन पाहिजे, आत काय आहे ते साहेब लोक विचारत नसतात. सर मुकाट काकासाहेबांकडं गेले. पैसे सरांचे, नाव प्रकाशनाचं. आणि या सगळ्या धावपळीत पिठलं काढायचं राहून गेलं.

ते आठवलं कुठं, तर प्रकाशन समारंभात, स्टेजवर. पाहुण्यांनी चमकीचा कागद फाडला, ग्रंथ छातीशी धरून फोटो काढला आणि तो मिटूनच माईकपुढं गेले. “या ग्रंथाचं पान न् पान मी वाचलंय. यानं मराठवाड्याची तहान भागवली!” सरांनी गुपचूप आपली प्रत उघडली. मोहरी तडतडतच होती. सरांनी घाईघाईनं ती मिटली. पण कशाला? कुणी हूं म्हटलं नाही. बढतीसुद्धा झाली.

सरांनी साहेबांना, प्राचार्यांना, पाहुण्यांना ‘सप्रेम भेट’ लिहून प्रती वाटल्या. उरली एक, ती कुलगुरूंसाठी कपाटात ठेवली होती. एका दुपारी बघतात तर ती द्वारकाबाईंच्या मांडीवर.

“अहो,” चष्मा वर सारत त्या म्हणाल्या, “हे पिठलं माझं हाय ना?”

सर पुटपुटले, “व्हय.”

“मग खाली नाव? बाकी समद्यांची नावं बारीक अक्षरात दिलीत. माझंच नाय. आन् मीठ कुठंय? बिनमिठाचं खाऊ घालता व्हय लोकांना?”

“तू... चौथ्या प्रकरणापर्यंत वाचलंस?”

“शेवटपत्तुर वाचलं. आपल्या विहिरीचं लई चांगलं लिवलंय. मामंजींची पाळी रातची असायची, ते वाचून रडू आलं मला.”

ज्या एका माणसासाठी सरांनी पुण्यापर्यंत चपला झिजवल्या, ते माणूस घरात भाकरी थापत होतं, आणि त्याला एक प्रत द्यायचं यांना सुचलं नव्हतं. लाज वाटली हो, खरोखर लाज वाटली. सरांनी खिशातलं पेन काढलं, प्रतीकडं हात पुढं केला. “आण, सप्रेम भेट लिहितो.”

द्वारकाबाईंनी पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं.

“ऱ्हाऊ द्या. न्या तुमच्या कुलगुरूला. माझं वाचून झालंय.”