मेन कूनच्या केसांखाली

टेबलावर दोन टोपल्या होत्या. एकीत पर्शियन मांजर, दुसरीत मेन कून. दोन्ही पिल्लं तीन महिन्यांची, दोन्ही लांब केसांची. समोर उभ्या असलेल्या पाटील कुटुंबाला त्यातलं एकच घरी न्यायचं होतं, आणि कोणतं ते मी सांगायचं होतं.

मी जनावरांची डॉक्टर. कोल्हापुरात बावीस वर्षं प्रॅक्टिस करतेय. सुरुवातीची वर्षं म्हशींमध्ये गेली, आता कुत्री-मांजरं. पर्शियन बरीच येतात. मेन कून मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या टेबलावर आलं होतं. ही मांजरांमधली थोराड जात. कानांवर केसांचे झुपके, पंजे जाडजूड, शेपटी कोल्ह्यासारखी झुबकेदार. खरं सांगते, मी पाटलांच्या लेकीइतकीच हरखले होते.

तानाजीराव पाटील तालमीत पोरांना कुस्ती शिकवतात. त्यांचं आधीच ठरलं होतं. "म्याडम, ह्यो बघा की. वाघ हाय नुसता." त्यांच्या पत्नी सुरेखाताईंना पर्शियन हवं होतं, कारण ते शांत बसतं. ते पिल्लू त्यांच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडचं होतं. बारा वर्षांच्या रेवाचं मत दर मिनिटाला बदलत होतं.

सुरेखाताईंची अट एकच, पिल्लू निरोगी हवं. मागच्या वर्षी त्यांचा कुत्रा हृदयाच्या आजारानं माझ्याच क्लिनिकमध्ये गेला होता. त्यानंतर रेवा महिनाभर धड जेवली नव्हती.

आधी पर्शियन तपासायला घेतलं. या जातीचं नाक चपटं असतंच, पण या पिल्लाच्या नाकपुड्या फारच अरुंद होत्या. श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज येत होता. पाटील राहतात शेवटच्या मजल्यावर, उन्हाळ्यात वरचा स्लॅब तापतो. अशा मांजराला उकाडा सोसत नाही, हे मी समजावलं. सुरेखाताईंनी ती टोपली स्वतःच बाजूला ठेवली.

आता मेन कून. स्टेथोस्कोप लावला तर नुसती घुरघुर. मांजर खुशीत घुरघुरत असलं की हृदय ऐकूच येत नाही. यावर आमची एक युक्ती असते, जवळचा नळ सोडायचा. पाण्याच्या आवाजानं मांजर गप्प होतं. रेवानं नळ सोडला. पिल्लू थांबलं. आणि ठोक्यांच्या मधे मला फुस्स असा आवाज आला.

पुन्हा ऐकलं. होताच.

याला मर्मर म्हणतात. रक्त हृदयातून सरळ न वाहता खळाळत गेलं की तो येतो. मेन कूनमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार वंशानं येऊ शकतो. मी तसं सांगितलं. रेवानं पिल्लाचा पंजा धरला.

"म्याडम, खरं काय ते सांगा," तानाजीराव म्हणाले. "पोरीला पुन्हा त्यातनं न्यायचं न्हाय."

मेन कून विकणाऱ्यांना मी फोन लावला, तर ते म्हणाले की लहानपणी असं असतंच, आपोआप जातं, तुम्ही पिल्लू निरोगी असल्याचं सर्टिफिकेट द्या.

"जाईलही," मी म्हटलं. "पण अंदाजावर मी सही करत नाही."

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचं ठरलं. त्यासाठी छातीवरचे थोडे केस काढायला घेतले आणि हात थांबला. कातडीवर मिरपुडीसारखे काळे कण होते. ओल्या कापसावर घेतले तर कापूस तांबूस झाला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पचलेलं रक्त. घाईनं पिल्लाचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक.

"हृदयाचं दुखणं नसेल हे!" मी इतक्या जोरात म्हणाले की रेवा दचकली. त्या दाट केसांखाली पिसवा कित्येक दिवस रक्त पीत होत्या. रक्त कमी झालं की ते पातळ होतं, वेगानं वाहतं आणि तसाच आवाज येतो. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन खूपच खाली होतं. संध्याकाळी इको झाला. हृदय साफ होतं.

तरी मी सुरेखाताईंना स्पष्ट सांगितलं, आवाज गेल्याशिवाय खात्री नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घरीच नेतो. औषध लिहून द्या."

वजनाला झेपेल असं पिसवांचं औषध दिलं, रक्तवाढीचं टॉनिक दिलं. रोज बारीक फणीनं विंचरायला सांगितलं. ते काम तानाजीरावांनी घेतलं. दोघातिघांना चीत करणारा तो हात एवढ्याशा पिल्लाच्या पोटावरून अलगद फिरायचा आणि फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायचा. रेवा मला रोज हिरड्यांचा फोटो पाठवायची. पाचव्या दिवशी कडेला गुलाबी रेघ दिसली. मी तो फोटो पेशंट सोडून कंपाउंडरला दाखवायला धावले.

तिसऱ्या आठवड्यात तिघं पिल्लाला घेऊन आले. मी बराच वेळ ऐकलं. नुसते स्वच्छ ठोके. "गेला," मी म्हटलं. तानाजीरावांनी तोंड वळवून डोळे पुसले आणि सुरेखाताईंनी ते न पाहिल्यासारखं केलं.

हिरड्या आधी बघायच्या, हे मी शिकायला येणाऱ्या मुलांना कायम सांगते. त्या दिवशी मेन कून बघून मी थेट छातीला स्टेथोस्कोप लावला. आवडीचं जनावर समोर आलं की डॉक्टर क्रम विसरतो. आता मी हिरड्या, मग कातडी, मग हृदय असं कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.