लेबल नसलेलं लोणचं

मीना सलमान बंदराच्या गोदामात माल सोडवून घेणारे आमचे रत्नागिरीचे चाचा पुड्यावरचं अरबी लेबल वाचल्याशिवाय बिस्कीटसुद्धा तोंडात टाकत नाहीत. "आखाताच्या सहा देशांनी मिळून केलेला नियम हाय, भाऊ. इथे बहारीनमध्ये तुमच्या-माझ्या मर्जीचं काय नाय!"

गावाहून सुट्टीवरून परतलो, तेव्हा आईने दिलेली लोणच्याची बरणी मी डब्याबरोबर गोदामात नेली. चाचांनी ती फिरवून फिरवून पाहिली. "लेबल मफी? लेबलच नाय? मग नाय चालायचं." बरणी त्यांच्या कपाटात गेली, वर कुलूप.

चौथ्या दिवशी ती परत मिळाली. सुरेख अक्षरात अरबी लेबल. घटक, तारीख, मुदत, सगळं काटेकोर. बरणी मात्र धुतलेली, रिकामी.

"तपासणीला नमुना लागतो," चाचा शांतपणे म्हणाले. "पास झालं. आईंना सांगा, पुढचा माल पाठवायला हरकत नाय."