चिमणीची तपकिरी पानं

चिमणी आमच्या प्रयोगशाळेत आली तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. खोटं कशाला सांगू! वीस वर्षं मी बिनसुईची सिरिंज दाबून रोपांच्या पानांत द्रावण भरतेय. आणि काल आलेल्या या एवढ्याशा पोरीला मॅडम म्हणतात, "काय हलका हात आहे गं तुझा!" मग माझा काय, मुसळ आहे?

पानाच्या पेशीत राखणदार प्रथिनं असतात. एरवी ती एकेकटी, गप्प पडून असतात. रोगाची चाहूल लागली, आणि आमचं द्रावण तीच चाहूल देतं, की पाच जणं एकत्र येऊन चाक बनवतात. ते चाक पेशीच्या पडद्यात घुसतं, तिथून कॅल्शियम आत येतं आणि पेशी मरते. पेशी मेली की रोगाची वाटच बंद. पानावर तेवढा तपकिरी डाग उरतो. तो दिसला की मी म्हणायचे, जमलं!

यंदा मॅडमना ते चाकच पानातून काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं होतं. जिच्या ट्रेमधून निघेल, तिचं नाव शोधनिबंधात येणार होतं. माझं नाव आजवर कुठे छापलेलं नाही. घराच्या पाटीवरसुद्धा नवऱ्याचंच आहे.

चिमणीने सकाळी पानं भरली. माझं मनगट दुखत होतं, म्हणून मी संध्याकाळी भरली. तिसऱ्या दिवशी सकाळी पानं तोडायला गेलो, तर तिची झकास तपकिरी आणि माझी हिरवीगार! अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती हात धुवायला वळली आणि मी दोन्ही ट्रेवरच्या चिठ्ठ्या बदलल्या.

दोन महिन्यांनी मॅडम फोटो नाचवत आल्या. पाच पाकळ्यांचं सुंदर चाक!

"चिमणीच्या ट्रेमधलं! ताई, तुमच्या पानांत काहीच नाही मिळालं. पेशीच मेल्यावर काय हाती लागणार? पान हिरवं असतानाच तोडायला हवं."

म्हणजे चाक माझ्याच पानांतलं! पण सांगू तरी कुठल्या तोंडाने?

"मॅडम, चिठ्ठ्या माझ्याकडून चुकून बदलल्या गेल्या," चिमणी म्हणाली. "ती पानं ताईंची आहेत. त्या डावखुऱ्या ना, शिरेच्या डावीकडेच भरतात. तोडताना सिरिंजच्या खुणा दिसल्या होत्या मला."

बाहेर व्हरांड्यात मी तिचा दंड धरला. "दिसल्या होत्या, तर तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्हाला ती तपकिरी पानं हवी होती ना, ताई. म्हटलं, घेऊ देत."

निबंध छापून आला. माझं नाव मी बोट ठेवून तीनदा वाचलं. पोटातलं दुखणं काही गेलं नाही, उलट वाढलंय. पूर्वी मला फक्त तिच्या हाताचा हेवा वाटायचा.