राणीच्या आधी पेटलेली टेकडी

राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, त्या उन्हाळ्यात आम्ही साउथहॅम्प्टनच्या बाहेर एका लहानशा गावात राहत होतो. पुण्याहून येऊन वर्ष होत आलं होतं. ऑफिसात मला चार माणसं ओळखायची. गावात मात्र आम्ही नुसतेच कोपऱ्यावरच्या घरातलं जोडपं. लोक हसायचे, हवेबद्दल एक वाक्य बोलायचे आणि पुढे जायचे. शेवटी बायको म्हणाली, "नुसता खिडकीतून काय बघतोस? व्हिलेज हॉलमध्ये मीटिंग आहे. जाऊन बस जरा."

मीटिंग बीकनची होती. बीकन म्हणजे टेकडीच्या माथ्यावर पेटवायचा मोठा जाळ, दूरच्या गावांना दिसेल असा. लंडनला खुद्द राणी एक पेटवणार होती आणि देशभरच्या टेकड्यांवर तसेच जाळ दिसणार होते. आमच्या भागात ठरलं होतं ते असं: राणीचा पेटला की पूर्वेकडच्या गावाने पेटवायचा, तो बघून आम्ही, आणि आमचा बघून पश्चिमेकडच्यांनी. रेडिओवर सगळं कळणारच होतं. पण कमिटीच्या अध्यक्षबाई म्हणजे रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. त्यांचा हट्ट, की पूर्वीसारखं डोळ्यांनी बघूनच पेटवायचं.

"एवढा मोठा जाळ पेटवण्याचा अनुभव कोणाला आहे?" बाईंनी विचारलं.

माझा हात वर गेला. "वुई लाइट अ ह्यूज फायर एव्हरी इयर," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. इंग्रजीतल्या त्या 'वुई'मध्ये आमची आख्खी सोसायटी मावत होती. माझ्यापुरतं सांगायचं तर होळीत लाकूड टाकणं सोडाच, नारळसुद्धा मी कधी टाकला नव्हता. माझं काम बोंब मारण्याचं. तेवढं मात्र मी मन लावून करायचो.

घरी येऊन पुण्याला दादाला फोन लावला. "होळी रचतात कशी रे?"

"तू रचणार?" दादा इतका हसला की वहिनीने फोन घेऊन सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

टेकडीवर लाकडं आणायचं काम एका धिप्पाड शेतकऱ्याकडे होतं. ट्रॅक्टरमधून मालाखाली घालायचे तुटके लाकडी पॅलेट आणि फांद्या उतरवून त्याने अदबीने विचारलं, "तुमच्याकडे कसं रचतात?" मी म्हणालो, मधोमध एरंडाची फांदी उभी करतात. त्याने एरंडाचा पत्ता विचारला. मग मी एक जाड ओंडका उचलून तळाशी सरकवला, आणि वरचा निम्मा ढीग घरंगळत कुंपणापर्यंत गेला. तो जाऊन लाकडं गोळा करून आला. मग म्हणाला, "टेहळणीला एक विश्वासाचा माणूस हवाच आहे."

म्हणजे मला दुर्बीण देऊन बाजूला उभं करायचं ठरलं. मला मात्र बढती मिळाल्यासारखंच वाटलं.

बीकनच्या दिवशी संध्याकाळी सगळं गाव टेकडीवर आलं. थर्मास, घोंगड्या, कुत्री, कागदी झेंडे. मी एका दगडावर चढलो. चष्मा लावून दुर्बिणीतून नीट दिसेना, म्हणून चष्मा काढून बायकोकडे दिला. ती म्हणाली, "अरे, चष्म्याशिवाय तुला समोरची बस दिसत नाही."

"दुर्बीण कशासाठी असते मग?" मी म्हणालो.

अंधारायला लागलं. पूर्वेकडची टेकडी काळी झाली आणि तिच्या माथ्यावर एक नारिंगी ठिपका थरथरला. मोठा झाला, लहान झाला, पुन्हा भडकला. "पेटला!" मी मराठीत ओरडलो. ते कोणालाच कळलं नाही, तेव्हा माझा हात आपोआप तोंडावर गेला आणि मी लहानपणीसारखी सणसणीत बोंब ठोकली.

सगळी टेकडी माझ्याकडे वळली. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, ही आमच्याकडची पद्धतच असावी असं समजून, तोंडावर हात नेऊन जमेल तशी बोंब मारली. पाठोपाठ सगळ्या गावाने मारली. शेतकऱ्याने मशाल टेकवली आणि ढीग भडाभडा पेटला. टाळ्या झाल्या, राष्ट्रगीत झालं. पश्चिमेकडच्या टेकडीवरही लगेच जाळ दिसला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या इशाऱ्यावर काहीतरी घडलं होतं.

तेवढ्यात शेतकऱ्याचा मोबाइल वाजला. त्याने ऐकलं आणि फोन बाईंकडे दिला. बाईंनी ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं.

"पूर्वेकडच्या गावाचा फोन आहे," त्या म्हणाल्या. "विचारतायत, तुम्ही का पेटवलात? राणीचा अजून व्हायचाय. ते लोक टेकडीवर अजून सॉसेज भाजतायत."

मी दगडावरून उतरलो. बायकोने चष्मा माझ्या हातात ठेवला. धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण इंग्लंडची धरणी, तिची-माझी ओळख केवढी! बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "आमचं गाव जरा उत्साही आहे." मग त्या गर्दीकडे वळल्या आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "हा जाळ खऱ्या वेळेपर्यंत टिकायला हवा. ज्याच्या घरी मोडकं लाकूड असेल, त्याने घेऊन यावं."

लोक हसत हसत खाली उतरले. कोणी तीन पायांची खुर्ची आणली, कोणी जुनं फाटक, कोणी कोंबड्यांचं खुराडं. मी धावत घरी गेलो आणि स्वतः जोडलेलं, एका बाजूला कललेलं पुस्तकांचं शेल्फ आणलं. ते आगीत पडताना बायको म्हणाली, "चला, सुटलो!" पूर्वेकडे खरा जाळ दिसला तेव्हा आमचा गुडघाभर उरला होता. तरी लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मी बाईंची माफी मागायला गेलो. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"राणीचा राज्याभिषेक झाला तेव्हा मी लहान होते," त्या म्हणाल्या. "याच टेकडीवर आलो होतो आम्ही. इतका पाऊस, की जाळ पेटलाच नाही. वडिलांनी सगळ्या काड्या संपवल्या. भिजून घरी गेलो, आणि आई आमचे केस पुसत बसली." मग त्या निखाऱ्यांकडे वळल्या. "आज दोनदा टाळ्या वाजवल्या मी."

मला बरं वाटलं, आणि इतक्या लवकर बरं वाटल्याचं हसूही आलं. आता काहीतरी चांगलं इंग्रजी वाक्य बोलावं म्हणून मी घसा साफ केला. तोवर बाईंनी शेजारचं फावडं उचलून माझ्या हातात दिलं होतं.

"नुसते उभे राहू नका," त्या म्हणाल्या. "कडेचे निखारे आत ढकला."