मावशींच्या लाल चिंध्या

मावशी हाडाच्या शिंपीण, आणि वर वनसमितीच्या अध्यक्ष. खुर्ची त्यांनी मागितली नव्हती. रानातल्या ऑर्किडांसाठी त्या सगळ्यांशी इतकं भांडल्या, की शेवटी लोकांनीच हात टेकले, "घ्या बाई, तुम्हीच सांभाळा."

रानातून रस्ता जाणार असं ठरलं, तेव्हा त्यांनी रस्त्याची मोजणी करणाऱ्या साहेबांकडून शब्द घेतला : ज्या झाडावर ऑर्किड असेल ते तोडायचं नाही. झाडं ओळखू यावीत म्हणून मावशींनी दुकानातल्या लाल चिंध्या त्यांना बांधल्या. गाठ अशी पक्की, जणू गिऱ्हाइकाच्या पायजम्याची नाडी.

आठवडाभरात चिंध्या जागच्या जागी राहिल्या आणि बरीच ऑर्किडं गेली. कुणीतरी मुळांसकट खरवडून विकायला नेली होती. चोराला घर आपणच दाखवलं, हे मावशींना कळलं. चिंध्या सोडल्या तर उद्या साहेब झाडं पाडायला लावणार, ठेवल्या तर उरलेली ऑर्किडं चोर नेणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"सगळ्याच झाडांना बांध," मशीनवर वाकलेले यजमान म्हणाले. "चोर शोधत बसेल."

"आणि साहेबांनी विचारलं तर?"

"आहे म्हणायचं. जन्मात एकदा खोटं बोललीस तर आभाळ कोसळत नाही."

दुपारभर दोघांनी कापड फाडलं. गिऱ्हाइकाचं अस्तरसुद्धा त्यातून सुटलं नाही. संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या आखणीत येणारं एकूणएक झाड बांधून झालं.

सकाळी साहेब आले आणि नेमके एका उघड्याबोडक्या खोडापाशी थांबले. "याच्यावरही आहे?"

मावशींनी वर बोट केलं. "आहे. वर, फांदीच्या बेचक्यात."

त्यांनी आता वर बघावं आणि आपली चोरी पकडून मोकळं करावं, असं मावशींना क्षणभर वाटून गेलं.

साहेबांनी मान वर केलीच नाही. "तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच," ते म्हणाले. रस्ता पलीकडच्या माळावरून वळवायला त्यांनी सोबतच्या माणसाला सांगितलं आणि बाकीची झाडं न बघताच गाडीकडे वळले.

रान वाचलं. सोबत आलेले यजमान "चल" म्हणत होते, पण मावशींचा पाय उचलेना. साहेबांनी आजवर त्यांचा शब्द कधी तपासला नव्हता, आणि यापुढेही तपासणार नव्हते.