वर्षश्राद्धाच्या पिशव्या

वडिलांच्या वर्षश्राद्धाला आलेल्यांना काय द्यायचं, यावर घरात बोलणं चाललं होतं. आई स्टीलचा डबा म्हणत होती. मी म्हणालो, पिशव्या देऊ. आमच्या गावात तेव्हा नुकताच नियम झाला होता: दुकानदारानं प्लास्टिकची पिशवी द्यायची नाही, गिऱ्हाइकानं घरून आणायची. मी पालिकेच्या स्वच्छता विभागात आहे. नियमाला हातभार लागेल आणि वडील घरोघरी जातील, असं मला वाटलं.

सोलापूरहून पिशव्या आणल्या. वर वडिलांचा फेट्यातला फोटो, खाली 'स्मरणार्थ'. "कापडीच आहेत," विकणारा म्हणाला. हाताला तशाच लागल्या. मी पुढं काही विचारलं नाही. सुती पिशवी महाग होती, म्हणून विचारावंसं वाटलं नाही, हे जास्त खरं.

त्यानंतर मी बाजारातून आलो की आई विचारायची, "दिसल्या का रं ह्यांच्या पिशव्या?"

"दिसल्या," मी म्हणायचो. एकही दिसलेली नसायची.

यंदा साहेबांनी मला काम दिलं. नियमानं पर्यावरणाचं काही भलं झालं का, ते पाहून अहवाल लिहायचा. मी आधी कचरा डेपोवर गेलो. पातळ पिशव्या कमी झाल्या होत्या, हे खरं होतं. कचरा निवडणारी एक बाई माझ्याकडं बघत राहिली.

"सायेब, तुमचे वडील न्हवं का हे?"

शेडच्या कट्ट्यावर पिशव्या घडी घालून रचून ठेवल्या होत्या. वडील सगळ्यात वर होते.

"आमी ढिगात टाकत न्हाय," ती म्हणाली. "माणसाच्या तोंडावर पाय कसा द्यायचा?"

दुसरी हसली. "लई जणांचे बाप हाईत तिथं. आज्या बी हाईत."

खरंच होत्या. गावानं माझ्यासारखाच विचार केला होता. मी वरची पिशवी उचलली, ऑफिसच्या मागं नेली आणि तिच्या बंदाला काडी लावली. सूत असतं तर राख झाली असती. बंद आक्रसला, थेंब होऊन टपकला आणि फरशीवर काळा मणी होऊन बसला. आता आपल्याला वाईट वाटेल म्हणून मी थांबलो. काही वाटलं नाही. मणी नखानं खरवडून काढला आणि चहाला गेलो.

मग चुलतभावाच्या घरी गेलो. पिशव्यांचं काय केलं, असं वहिनींना विचारलं.

"काकांच्या फोटोवर मटण आणू व्हय, भाऊजी? जन्मभर माळकरी माणूस."

"मग भाजी आणायची."

"भाजी आणली तरी खाली ठेवायची कुठं? पायाशीच ना? दिवाळीला साफसफाई काढली, तवा गेल्या."

कुणी चुकीचं वागलं नव्हतं. फोटो छापला म्हणून पिशवी वापरायची सोय राहिली नव्हती, आणि पिशवी प्लास्टिकची म्हणून ती कुजणारही नव्हती. मी अहवालात तसंच लिहिलं. कापडासारख्या दिसणाऱ्या या पिशव्याही बंद कराव्यात, फोटोच्या पिशव्या दुसऱ्यांदा वापरल्या जात नाहीत. साहेबांनी वाचून विचारलं, "हे तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणालो, "मी वाटल्यात." त्यांनी सही केली.

आता आईला सांगायचं राहिलं होतं. उरलेल्या पिशव्या माळ्यावर होत्या आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती एक देत होती. त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखं विचारलं.

"डेपोवर दिसल्या," मी म्हणालो. "कचऱ्यात. बाजारात कधीच दिसल्या नव्हत्या. त्या कापडाच्या पण न्हाईत. माझी चूक."

ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"त्यास्नी बाजाराचा कंटाळाच होता," ती म्हणाली. पुढची जुडी ओढून म्हणाली, "मग आता कुणाला द्यायला नको. आपणच वापरू. कांदे संपल्यात."

मी माळ्यावरून एक पिशवी काढली आणि बाजारात गेलो. कांदेवाल्यानं तराजूचं पारडं उचललं आणि पिशवीवरचा फोटो बघून तसंच धरून ठेवलं.

"उलटी करून घ्या की, दादा. फोटो आत जाईल."

"आत गेला तर कांदे अंगावरच पडतील."

"मग?"

मी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवलं. फोटो माझ्याकडं होता.

"असू द्या," मी म्हणालो. "टाका."