मामांनी खोडलेला शब्द

बुलढाणा जिल्ह्यात जे जे काही बांधलं गेलं, ते आधी माझ्या मामांच्या डोक्यात बांधलं गेलं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल. पण मी ती आनंदाने करतो. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मामा बुलढाण्याच्या कचेरीत जिल्ह्याचं अंदाजपत्रक तयार करत. घरीसुद्धा ते दुसरी भाकरी कधी मागत नसत. 'पुरवणी मागणी' सादर करत. मामी तव्यावरून नजर न हलवता म्हणे, "आधी पहिलीचा खुलासा करा. ताटात वांगं काऊन उरलं?"

मात्र डोळ्यांनी पाहिलं नाही ते काम मामा कागदावर घेत नसत. वडनेर भोलजीच्या पुढच्या एका नाल्यावर तर ते भर पुरात जाऊन उभे राहिले. पलीकडे बैलगाडीत एक बाळंतपणाला निघालेली बाई कण्हत होती आणि पाणी उतरलं तरी नाल्यातल्या गाळातून गाडी निघेना. परत येऊन त्यांनी लिहिलं, 'रपटा, एक.'

मुंबईहून शेरा आला, 'रपटा म्हणजे काय? काम वगळावे.' मामांनी मलकापूरला गाडी पकडली. मी तेव्हा मुंबईतच नोकरीला होतो, म्हणून सचिवालयातला तो सामना मला पाहायला मिळाला. समोर पुण्याचे साहेब.

"रपाटा ऐकलाय आम्ही. तो सरकारी खर्चाने कशाला घालायचा?"

"साहेब, नाल्यातून बांधलेली दगडी वाट. पूर आला की पानी वरून जाते, उतरला की मानूस जाते."

"म्हणजे फरशी. तसं लिहा. अंदाजपत्रक संध्याकाळी छापायला जातंय."

"आमच्याकडे फरशी घरात असते, साहेब."

"मग राहू द्या घरातच."

मामांनी जन्मात दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्वल्पविरामही हलवला नव्हता. त्यांनी टोपी सारखी केली आणि स्वतःच्या हाताने 'रपटा' खोडून 'फरशी' लिहिलं.

जिन्यात मी विचारलं, "वाईट वाटलं का, मामा?"

"वाटलं न बे. पन त्या बाईले नाल्यावर शब्दकोश थोडाच पाह्यजे होता?"

पुढच्या पावसाळ्याआधी काम झालं. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा त्या रस्त्याने गेलो, तर एसटीत मामांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नाला आला तसा कंडक्टर दोरी ओढत म्हणाला, "चला, रपट्यावाले उतरा."

मला पुढे जायचं होतं. तरी उतरलो.